तरोट्याचं पाणी

रंजीताकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, ते तिला मिशी होती म्हणून.

२००४ सालचा जानेवारी असावा. तेलुगू मुलखातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूर मंडलातल्या आमच्या मांडवखेडच्या मराठी शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवत होते. फळ्याकडून वळले तर दुसऱ्या रांगेत एक मुलगी अगदी ताठ बसलेली, आणि तिच्या वरच्या ओठावर दोन्ही टोकं वर वळवलेली काळीभोर मिशी. मधल्या सुट्टीत मुली पाटील-पाटील खेळल्या होत्या. घंटा झाल्यावर बाकीच्यांनी तोंडं पुसली, ही विसरली. वर्ग हसत होता आणि तिला वाटत होतं, वर्ग दुसऱ्याच कुणाला हसतोय.

"हे काय लावलंस तोंडाला?"

"काणी हाय बाई," ती म्हणाली आणि दप्तरातून ज्वारीचं एक कणीस काढून माझ्यापुढे धरलं.

ज्यांनी ज्वारी शेतात पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. काणी पडलेल्या कणसात दाण्याच्या जागी राखाडी रंगाच्या बारीक पिशव्या येतात. चिमटीत दाबली की फुटते आणि आतून काजळासारखी पूड सांडते. आमच्याकडची लेकरं त्या पुडीच्या मिशा काढतात. मोठ्या माणसांना त्यात गंमत वाटत नाही, कारण ती पिशवी म्हणजे गेलेला दाणा.

मी तिचं कणीस वर्गाला दाखवलं आणि सांगितलं की ही बुरशी आहे. तिसऱ्या रांगेत मोतीराम बसला होता. त्याच्या मानेवर गजकर्ण उठलं होतं आणि त्याच्या आईनं त्यावर तरोट्याच्या वाळवलेल्या पाल्याचा हिरवट लेप थापला होता. तरोटा म्हणजे आमच्या बांधाबांधावर पावसाळ्यात माजणारं पिवळ्या फुलांचं झुडूप. कोवळं असताना त्याची भाजी करतात. मी म्हटलं, "मोतीरामच्या मानेवर आहे तीही बुरशीच. एक माणसाच्या कातडीवर वाढते, एक ज्वारीत वाढते, पण दोघी एकाच गोतातल्या."

मिशीवाली मुलगी थोडा वेळ मोतीरामच्या मानेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग बाई, मोतीरामच्या मानेले तरोटा लावते, तं काणीले काऊन नाई लावत?"

वर्ग पुन्हा हसला. मी म्हटलं, "ते वेगळं असतं. पुस्तकं उघडा."

एकतीस वर्षं शिकवलं. माझ्याकडून चुकीची गेलेली उत्तरं पुष्कळ असतील. हे मात्र मला शब्दशः आठवतं, कारण पुढे रंजीतानं ते मला आठवायला लावलं.

ती नागोरावांची मुलगी. दहावी झाली, आणि पुढे आदिलाबादला पाठवायचं की नाही यावर घरात दोन वर्षं नुसतं बोलणं झालं. तेवढ्यात गावातच स्थळ आलं. यशवंतरावांचा मुलगा राजकुमार, घरची नऊ एकर जमीन, गल्ली तिसरी. लग्नाच्या मांडवात तिच्या मैत्रिणी रडत होत्या आणि ही मांडवाचे बांबू मोजत होती. मी विचारलं तर म्हणाली, "एक कमी हाय बाई. इकडून सात, तिकडून सा." खरोखर एक कमी होता.

मोजणं हा तिचा स्वभावच. विहिरीवरून घागरी आणताना, शेंगा सोलताना, बसमध्ये बसताना तिचे ओठ हलत असतात. पाच झाले की अंगठा दुमडते. दुसरी सवय म्हणजे काही फेकायचं नाही. साडीचे काठ, सुतळीचे तुकडे, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, लेकीच्या वह्यांची कोरी पानं, सगळं तिच्याकडे बांधून ठेवलेलं सापडतं. बोलायला फटकळ नाही आणि लाजाळूही नाही. एखादी गोष्ट समजली नाही तर "समजलं नाई" असं सरळ म्हणते. हे माझ्या कितीतरी हुशार विद्यार्थ्यांना कधी जमलं नाही.

यशवंतराव लवकर गेले. घरात सासू जयवंताबाई. त्या माझ्याहून वयानं थोड्या मोठ्या, शब्दाला कडक, आणि एका गोष्टीसाठी गावात ओळखल्या जाणाऱ्या. नऊ एकरांतलं साडेआठ एकर कापसाला गेलं तरी नाल्याकाठचं अर्धं एकर त्यांनी कधी सोडलं नाही. तिथे पिवळी ज्वारी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरहून ओटीत बांधून आणलेलं बी. पूर्वी ही ज्वारी आमच्या भागात घरोघर होती. आता विकतच्या पांढऱ्या ज्वारीनं आणि त्याहून जास्त कापसानं ती खाल्ली. पिवळीची भाकर थोडी जड, चवीला गोडसर, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पोळा झाला की जयवंताबाई मडक्याची राख झटकून बी काढायच्या, आणि मांडवखेडमध्ये असं मडकं उरलं होतं ते हे एकच.

२०२१ च्या हंगामात त्या अर्ध्या एकरात काणी माजली. दोन वर्षं थोडी थोडी दिसत होती, त्या वर्षी मात्र पाचातलं एक कणीस काळं. मळणी करताना पूड उडून चांगल्या दाण्यावरही बसली. तेच बी पुढच्या वर्षी पेरलं की आणखी काणी, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. जयवंताबाईंनी सुपातला दाणा तळहातावर घासून पाहिला, तळहात काळा झाला.

"यंदा बी नाई धरत," त्या म्हणाल्या. "सरलं हे."

राजकुमारनं एवढंच विचारलं की मग नाल्याकाठी कापूस लावायचा का. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. रंजीता म्हणाली, "मामी, मले एक वर्स द्या."

सासूला ती मामी म्हणते. जयवंताबाई म्हणाल्या, "काय करतं वं एका वर्सात? मंत्र मारतं?"

"तरोटा लावतो."

जयवंताबाईंना हसू आलं असं रंजीता सांगते. मी तिथे नव्हते, पण जयवंताबाईंचं हसू मी चार-पाच वेळाच पाहिलंय, त्यामुळे मला ते कठीण वाटतं.

बियाण्याला लावायची औषधं दुकानात मिळतात, गंधकाची भुकटी तर जुनी आणि खात्रीची. पण त्या घरात एक नियम होता. पेरून उरलेलं बी दळायचं. औषध लावलेलं बी उरलं तर पुरावं लागतं, आणि जयवंताबाई ज्वारीचा दाणा पुरणाऱ्यातल्या नाहीत. कापसाच्या बियांना खुशाल निळी-गुलाबी औषधं लावा, पिवळीला नाही. म्हणून रंजीताला असं काही पाहिजे होतं जे काणीला सोसणार नाही आणि माणसाला सोसेल. तरोटा तर ती स्वतः श्रावणात खात होती.

त्याच दिवसांत एक गंमत घडली, आणि ती गंमत आहे हे आम्हाला तीन वर्षांनी कळलं.

शेतकऱ्यांच्या बैठकांसाठी सरकारनं बांधलेलं सभागृह आमच्याकडे आहे, त्याला रैतू वेदिका म्हणतात. शेती खात्याच्या भाग्यलक्ष्मी मॅडम तेव्हा नव्यानंच आल्या होत्या. त्या करीमनगरकडच्या, तेलुगू, मनानं चांगल्या आणि कामाला चोख. प्रत्येकाला उभं करून पिकाचं विचारत आणि हातातल्या टॅबवर नोंद करत. रंजीता शाळेत तेलुगू शिकलेली, म्हणून ती ऐटीत तेलुगूत बोलायला उठली.

"जोन्ना एला उंदि?" मॅडमनी विचारलं. ज्वारी कशी आहे.

"बागुंदि," रंजीता म्हणाली. चांगली आहे. मग रोगाचं तेलुगू नाव तिला येईना, म्हणून आपलंच नाव घातलं. "काणी उंदि."

आता तेलुगूत 'कानी' म्हणजे 'पण'. मॅडमना ऐकू आलं, "चांगली आहे, पण आहे." त्यांनी विचारलं, "कानी एमुंदि?" पण काय आहे?

"काणी उंदि, मॅडम."

"कानी... एमुंदि?"

"काणी!"

मागून मोतीराम म्हणाला, "मॅडम, थे तुमाले पाठ म्हणून दाखवून राह्यली." हशा झाला. मॅडमना वाटलं, ही बाई सभेत बोलायला लाजली आणि 'पण, पण' करत अडकली. त्यांनी प्रेमानं तिला बसायची खूण केली आणि टॅबवर लिहिलं की ज्वारी चांगली आहे, रोग नाही. रंजीता समाधानानं खाली बसली. तिच्या मते तिनं काणीची नोंद सरकारात करून टाकली होती.

पहिला प्रयत्न फसला. तरोट्याचा पाला वाटून पाण्यात कालवला आणि बी रात्रभर त्यात ठेवलं. सकाळी बी फुगून आंबलं होतं. तिनं ते फेकलं नाही, कोंबड्यांना घातलं आणि किती कोंबड्यांनी खाल्लं हेही लिहून ठेवलं. मग थोडंथोडं बी घेऊन वेगवेगळा वेळ भिजवून पाहिलं, आणि कोणतं उगवतं ते ओल्या फडक्यात बांधून तपासलं. शेवटी बसलं ते असं: तरोटा फुलावर आला की त्याचा पाला तोडायचा, दगडी दोणीत ठेचायचा, पाण्यात एक दिवस मुरवायचा, गाळायचा. त्या पिवळट हिरव्या पाण्यात बी चुलीवर भात शिजेल एवढाच वेळ. मग सावलीत वाळवायचं. उन्हात नाही.

पेरताना तिनं केलं ते मी माझ्या वर्गात कधी इतकं चांगलं शिकवू शकले नसते. सगळ्या शेतात तरोट्याचं पाणी लावलेलं बी पेरलं नाही. एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, तरोट्याचं, एक तास तसंच, पुन्हा एक तरोट्याचं. तासांच्या टोकाला काड्या रोवल्या आणि साठवलेल्या साडीच्या काठांचे तुकडे बांधले, तरोट्याला लाल, साध्याला पांढरा. जयवंताबाई म्हणाल्या, "वावरात जत्रा भरवली." राजकुमारनं विचारलं, सगळ्यालाच लावलं असतं तर काय बिघडलं असतं? तिनं सांगितलं, "सगळ्याले लावलं अन् काणी नाई आली, तं तरोट्यानं नाई आली का अशीच नाई आली, कसं समजन?"

संक्रांतीच्या आधी ती कणसं मोजायला लागली. पांढऱ्या तासांत पाचशे कणसांमागे अठ्ठ्याऐंशी काळी. लाल तासांत पाचशेमागे चौदा. काळी कणसं मळणीच्या आधी कापून नाल्यापलीकडे जाळली. लाल तासांतलं निवडक बी धरलं, पुढच्या पोळ्यानंतर पुन्हा दोणी, पुन्हा पाला. तिसऱ्या वर्षी अख्ख्या अर्ध्या एकरात तिला तीन काळी कणसं सापडली. ती तिनं मला दाखवायला आणली.

मी तोवर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. ओट्यावर शेंगा निवडत होते. तिनं लेक मयूरीची जुनी वही माझ्यापुढे ठेवली, अर्ध्या पानांवर मयूरीचे पाढे, अर्ध्यांवर आईचे आकडे. मी सगळं वाचलं. विचारलं, "हे तुला कुणी सुचवलं?"

"तुमीच तं सांगतलं होतं बाई. दोघी एका गोतातल्या म्हणून."

"मी तर म्हटलं होतं, ते वेगळं असतं."

"हो," ती म्हणाली. "थे मंग मी सोडून दिलं."

मी चष्मा काढून पुसला. माणसाला आयुष्यात आपल्या कामाचा हिशेब सहसा हातात मिळत नाही. माझा त्या दिवशी पाढ्यांच्या वहीत मिळाला.

तिचं पुढचं म्हणणं होतं की बी आता एका मडक्यात राहू नये. घराला आग लागली, मडकं फुटलं, पूर आला, की पिवळी संपली. योगायोगानं त्याच महिन्यात आदिलाबादहून शेती संशोधनातले नागेश सर जुनी बियाणी गोळा करायला वेदिकेत आले. बी त्यांच्या संग्रहात गेलं की थंड खोलीत वर्षानुवर्षं राहतं, आणि ज्याला लागेल त्याला मिळतं. रंजीता बी आणि वही दोन्ही घेऊन गेली. मीही सोबत गेले.

नागेश सर तरुण, अबोल, मराठी समजणारे. त्यांनी वही दोनदा वाचली. तरोट्याचं पान बोटात चुरडून दाखवलं, बोट पिवळं झालं. म्हणाले, या पानात क्रायसोफॅनिक आम्ल आणि तशीच दुसरी द्रव्यं असतात आणि बुरशीला ती मानवत नाहीत, हे प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. झाड ती स्वतःसाठी बनवतं, रोग आला तर त्याला पळून जाता येत नाही म्हणून. रंजीता ते तोंडातल्या तोंडात घोळवत राहिली. क्रायसोफॅनिक हा शब्द तिनं त्यांना तीनदा म्हणायला लावला.

"बी निरोगी आहे, ते घेतो," सर म्हणाले. "पण तरोट्याचं लिहिता येणार नाही. काणी होती याला पुरावा काय? नोंद बघा."

भाग्यलक्ष्मी मॅडमनी टॅब काढला. २०२१, ज्वारी, अर्धं एकर, पीक चांगलं, रोग नाही.

रंजीताचा चेहरा उतरला. "मॅडम, मी तवाच सांगतलं होतं. इथंच. काणी उंदि म्हणून."

मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच स्वतःशी म्हणाल्या, "कानी उंदि." आणि नागेश सरांकडे वळून, "काणी?" सरांनी तेलुगूत त्या रोगाचं नाव सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

मोतीराम तिथे होताच. "म्हंजे तीन वर्सं सरकारात नुसतं 'पण' होतं," तो म्हणाला. सगळे हसले, मॅडमही. हसून झाल्यावर त्यांनी रंजीताचा हात धरला आणि हिंदीत म्हणाल्या, "गलती मेरी है." सगळ्यांसमोर म्हणाल्या. मला तेव्हापासून त्या बाईंबद्दल आदर आहे.

पण गोष्ट तिथेच राहिली. जुनी नोंद आता बदलता येत नव्हती, आणि वही रंजीतानं स्वतःच लिहिलेली. नागेश सर स्पष्ट बोलले. खात्री करायची तर चांगल्या बियाला मुद्दाम काणीची पूड लावायची, त्यातल्या काहीला तरोटा, काहीला गंधक, काहीला काहीच नाही, असं पेरायचं, आणि कणसं साक्षीदारांसमोर मोजायची. काणी याच शेतातली असली तर उत्तम.

"काणी हाय माह्यापाशी," रंजीता म्हणाली.

२०२१ ची सात काळी कणसं तिनं पिशवीत गाठ मारून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवली होती. काही न फेकण्याच्या सवयीनं. तीन वर्षांत पूड जराही फिकी झाली नव्हती.

खरा प्रश्न घरी होता. त्या दुपारी रंजीतानं मला बोलावून नेलं, बहुधा जयवंताबाई माझ्यासमोर कमी बोलतील या आशेनं. त्या कमी बोलल्या नाहीत.

"तीन वर्सं धुतलं, अन् आता हातानं काजळ लावतं?"

"थोड्याच बियाले, मामी. नाल्याच्या पल्याड पेरतो. काळी कणसं मळू देत नाई."

"अन् वाऱ्यानं आली अल्याड?"

हे रंजीतालाही माहीत होतं. तसं होऊ शकत होतं. पुन्हा काणी पसरली तर तीन वर्षं पाण्यात, आणि पुन्हा सगळं करायला जयवंताबाई असतील की नाही कुणी सांगावं. मडकं त्यांच्या दोघींच्या मध्ये होतं.

"तुले भरोसा हाय का, तरोट्यानं होते म्हणून?"

"हाय."

"मंग झालं. आपल्याले समजलं. त्यायले काय दाखवायचं?"

"मले भरोसा हाय मामी, पण दुसऱ्या घरच्या बाईले काऊन राहीन? उद्या कोणी तरोटा लावन तं माह्या शब्दावर नाई, पाहून लावाव. अन् तरोटा खोटा निघाला तं मलेच पयले समजलं पाह्यजे."

जयवंताबाईंनी मडक्याचं तोंड सोडलं. मग परात ओढली, मडकं उपडं केलं आणि तळहातानं ढीग मधोमध कापला. एक अर्धा पुन्हा मडक्यात भरला, वर राख टाकली, तोंड बांधलं. "हे माहं. याले हात नाई लावायचा." दुसरा अर्धा सुनेकडे सरकवला. "हे तुहं."

पोळ्यानंतर नागेश सरांसमोर आढ्यावरची पिशवी उतरली. रंजीतानं पूड पिवळ्याधमक दाण्यांवर चोळली. तिचे ओठ मुठी मोजत होते. घाम पुसताना पूड ओठावर लागली.

जयवंताबाई दारातून म्हणाल्या, "मिशी पुसा, पाटील."

ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली असेल? मी तरी नाही. पण गाव लहान आहे.

चार महिने ती रोज नाल्यापलीकडे जायची. मोजायचा दिवस ठरला संक्रांतीच्या आठवडाभर आधी, सकाळी दहाला. निम्मं गाव बांधावर. प्रत्येक प्रकारातली दोनशे कणसं. भाग्यलक्ष्मी मॅडम तेलुगूत मोजत पुढे, रंजीता मराठीत मोजत मागे, आणि कागदावर लिहायला मला बसवलं. दोघींचा आकडा जुळला तरच लिहायचं.

पूड लावून काहीच न केलेल्या बियाची दोनशेत त्रेपन्न काळी.

तरोट्याच्या पाण्याची दोनशेत सहा. सहावं कणीस रंजीतानंच दाखवलं. मॅडमच्या नजरेतून ते निसटलं होतं, त्यातली एकच पिशवी भरलेली होती आणि मागच्या बाजूला होती. मॅडम म्हणाल्या, सोडून देऊ का. रंजीता म्हणाली, "लिवा बाई, सा."

गंधकाची दोनशेत तीन. पूड न लावलेल्या स्वच्छ बियाची एकही नाही, आणि नाल्याच्या अलीकडच्या जयवंताबाईंच्या अर्ध्या एकरातही एकही नाही. ते मोजायला त्या स्वतः गेल्या होत्या.

नागेश सर म्हणाले, "गंधक थोडं पुढे आहे."

"हो जी," रंजीता म्हणाली. "पण गंधक लावलेलं बी उरलं तं भाकर नाई होत."

सरांनी तेही लिहून घेतलं. मॅडमनी टॅब उघडला आणि नोंद करता करता तो रंजीतापुढे धरला. तेलुगूत 'काणी' लिहिलं होतं, आणि त्यातलं 'णी' बरोबर होतं. रंजीतानं बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली. संग्रहासाठी बियाचं नाव विचारलं तेव्हा सगळ्यांना वाटलं ती 'पिवळी' म्हणेल. ती म्हणाली, "जयवंता पिवळी लिवा." जयवंताबाई तेव्हा बांधावर कुणाशी तरी भांडत होत्या, त्यांनी ऐकलं नाही. घरी गेल्यावर मयूरीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले इचारलं होतं का?" आणि त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीत पिवळ्या ज्वारीच्या लाह्या वाटल्या.

माझ्या हातचा तो कागद नागेश सरांकडे आहे. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. नोकरीत मी हजारो सह्या केल्या, निकालांवर, दाखल्यांवर. ही एक केली तेव्हा अक्षर चांगलं यावं म्हणून मी आधी दुसऱ्या कागदावर गिरवून पाहिली.

लोक विचारतात, रंजीता शिकली असती तर कुठे गेली असती. मला तो प्रश्न फारसा आवडत नाही. ती शिकलीच आहे. मी वर्गात जे वाक्य बोलून विसरले ते तिनं सतरा वर्षं सांभाळलं, आणि जे चुकीचं बोलले ते सोडून दिलं. विद्यार्थी ओळखायची यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही.

रंजीता आता तेहतीस वर्षांची आहे. यंदा पोळ्यानंतर तिच्या दारातल्या दोणीत गावातल्या एकोणीस घरांनी आपलं बी भिजवून नेलं, त्यात मोतीरामचं घरही होतं. तिनं स्वतः या वर्षी दीड एकर पिवळी ज्वारी पेरली आहे.